मे, स्टीव्ह

अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या प्रतिनिधिगृहाचे माजी रिपब्लिकन सदस्य (१९९९–२००३). समलिंगी असल्याचे न लपवता निवडून आलेल्या मोजक्या पुराणमतवादी आमदारांपैकी एक. मॉर्मन कुटुंबात वाढले. क्लेअरमॉन्ट मकेना महाविद्यालयात शिकल्यावर ते लष्करात अधिकारी झाले आणि कॅन्ससमधील फोर्ट रायली येथील सेवेनंतर १९९५ मध्ये सन्मानपूर्वक सेवामुक्त झाले. १९९८ मध्ये ते फिनिक्स परिसरातून आमदार म्हणून निवडून आले.

फेब्रुवारी १९९९ मध्ये स्थानिक शासनसंस्थांना कर्मचाऱ्यांच्या अविवाहित जोडीदारांना लाभ देण्यास मनाई करणारे विधेयक आले. ते मांडणाऱ्या कॅरेन जॉन्सन या मे यांच्याच पक्षाच्या. विरोध करताना मे यांनी स्वतःच्या समलिंगी असण्याचा उल्लेख केला आणि सरकार आपल्याकडूनही इतरांसारखाच कर घेते, हे सभागृहाला सुनावले. त्या वेळी ते सक्रिय लष्करी सेवेत नव्हते. पण कोसोव्हो युद्धाच्या काळात राखीव दलातून त्यांना बोलावणे आले, ते रुजू झाले, आणि मग विधिमंडळातल्या त्याच भाषणावरून त्यांची चौकशी सुरू झाली. सैनिकाने स्वतः समलिंगी असल्याचे सांगितले तर त्याला काढून टाकावे, असा १९९३ चा कायदा होता. आमदाराने सभागृहात केलेले भाषण लष्कराने अपराध ठरवावे, ही या प्रकरणातली सर्वांत गंभीर बाब होय. सप्टेंबर २००० मध्ये लष्करी मंडळाने सन्माननीय सेवामुक्तीची शिफारस केली. मे यांनी माघार घेतली नाही. जानेवारी २००१ मध्ये लष्करानेच कारवाई मागे घेतली आणि मे महिन्यात संपणारी सेवेची मुदत त्यांना पूर्ण करू दिली.

त्याच वर्षी ॲरिझोनाने समलिंगी संबंध आणि लग्नाविना सहजीवन गुन्हा ठरवणारे जुने कायदे रद्द केले. हे विधेयक मे यांचे होते. गव्हर्नर जेन हल याही रिपब्लिकन, त्यांनी त्यावर सही केली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने देशभरातले समलिंगी संबंधांविरुद्धचे कायदे अवैध ठरवले ते २००३ मध्ये.

मे यांची भूमिका पक्षविचाराला छेद देणारी वाटते, पण ती त्यातूनच आलेली आहे: सरकारने माणसाच्या खिशात हात घालू नये, तसे घरातही डोकावू नये. निवडणूक प्रचाराला सरकारी पैसा पुरवण्यासाठी दंडांवर १० टक्के अधिभार लागला, तेव्हा पार्किंगच्या दंडावरचा तो अधिभार त्यांनी नाकारला. अपील न्यायालयात ते जिंकले. २००२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला.

त्याच वर्षी पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत ते हरले. २०१० मध्ये पुन्हा उभे राहिले, पण त्यांनी टेंपी शहरातल्या रस्त्यावर राहणाऱ्या लोकांना ग्रीन पक्षाचे उमेदवार म्हणून उभे केल्यावरून वाद पेटला. ग्रीन पक्ष न्यायालयात गेला. ही माणसे खरी आहेत आणि त्यांनाही मते आहेत, असा मे यांचा बचाव होता. पुढे त्यांनी स्वतःची उमेदवारी मागे घेतली.