साक्षीदाराच्या जागी बसलेले लोक : न्यायसहायक मानसशास्त्राच्या प्रयोगांतील सहभागींचा इतिहास



हल्ली इंटरनेटवर एक आमंत्रण आपल्यापैकी अनेकांना दिसलं असेल. 'संशोधनात भाग घ्या, वीस मिनिटं लागतील, चोरीचा एक छोटा व्हिडिओ पाहा आणि प्रश्नांची उत्तरं द्या.' खाली एखाद्या विद्यापीठाचं नाव असतं. कुणी उत्सुकता म्हणून भाग घेतं, कुणी थोडे पैसे मिळतात म्हणून. व्हिडिओ पाहायचा, मग सहा फोटो येतात, त्यातला चोर कोणता ते सांगायचं, खात्री किती आहे ते शून्य ते शंभरमध्ये नोंदवायचं. झालं. खिडकी बंद.

हा सगळा प्रकार न्यायसहायक मानसशास्त्राचा, म्हणजे फोरेन्सिक सायकॉलॉजीचा. या शास्त्राचा इतिहास सांगताना आपण शास्त्रज्ञांची नावं घेतो. आज मी दुसऱ्या बाजूने जाणार आहे. ज्यांच्यावर प्रयोग झाले ते लोक कोण होते? त्यांना काय सांगितलं होतं, काय लपवलं होतं? आणि त्यांच्या उत्तरांचं पुढे काय झालं? हा प्रश्न महत्त्वाचा का, ते बोलता बोलता स्पष्ट होईल.

सुरुवात करू या १८९३ च्या मार्च महिन्यापासून. न्यूयॉर्कचं कोलंबिया कॉलेज. जेम्स मॅककीन कॅटेल नावाच्या प्राध्यापकाने वर्गातल्या ५६ विद्यार्थ्यांना अगदी साधे प्रश्न विचारले. आठवड्यापूर्वी याच दिवशी हवा कशी होती? सफरचंदाच्या बीचं टोक कुठल्या दिशेला असतं? वाऱ्यात उभा असलेला घोडा तोंड वाऱ्याकडे करतो की शेपूट? १८९५ साली त्याने निष्कर्ष छापले. हवेबद्दलची उत्तरं अशी विखुरलेली होती, की मार्चच्या सुरुवातीला जी जी म्हणून हवा असू शकते ती सगळी त्यात आली! बरं, ज्याला खात्री वाटत होती तो बरोबर असेलच असंही नव्हतं. कॅटेलच्या लगेच लक्षात आलं, की कोर्टात साक्षीदारही अशाच आठवणींवर बोलतो.

पुढचा टप्पा बर्लिनचा, १९०१ चा. फौजदारी कायद्याचे प्राध्यापक फ्रान्झ फॉन लिस्ट यांचा वर्ग चालू होता. अचानक दोन विद्यार्थ्यांत वाद पेटला, आवाज चढले, एकाने पिस्तूल काढलं. वर्गात एकच गोंधळ. मग प्राध्यापकांनी सांगितलं, हे सगळं ठरवून केलेलं होतं, आता काय घडलं ते लिहा. काहींकडून लगेच लिहून घेतलं, काहींकडून नंतर. ह्युगो म्युन्स्टरबर्गने या प्रयोगाची हकीकत दिली आहे. त्याच्या मते सर्वांत चांगल्या वृत्तांतातही २६ टक्के विधानं चुकीची होती, सर्वांत वाईट वृत्तांतात ८० टक्के. आणि हे लिहिणारे कायद्याचे विद्यार्थी होते, हे लक्षात घ्या.

आता इथे जरा थांबू. त्या विद्यार्थ्यांना कुणी विचारलं होतं का? नाही. समोर पिस्तूल निघालं तेव्हा ते खरोखर घाबरले असतील. पण 'तुमची संमती आहे का' हा प्रश्न त्या काळी कुणाच्या डोक्यातही नव्हता. विद्यार्थी हाताशी होते, म्हणून वापरले.

१९०८ साली म्युन्स्टरबर्गचं 'ऑन द विटनेस स्टँड' हे पुस्तक आलं. त्यात त्याने वकील-न्यायाधीशांना सुनावलं, की तुम्ही मानसशास्त्राकडे दुर्लक्ष करता. पुढच्याच वर्षी जॉन विगमोर या पुराव्याच्या कायद्यातल्या मोठ्या जाणकाराने उत्तर दिलं. त्याने एका काल्पनिक खटल्याचा वृत्तांत लिहिला आणि त्यात म्युन्स्टरबर्गलाच प्रतिवादी करून उभं केलं. टर उडवणारा लेख होता, पण मुद्दा बिनतोड होता. कोर्टाला वापरता येईल असं पक्कं संशोधन आहे कुठे? ते नव्हतंच. त्यामुळे पुढची अनेक दशकं हा विषय मागे पडला.

मग आलं १९७४. या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या.

पहिली गोष्ट. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी ४५ विद्यार्थ्यांना मोटार अपघातांच्या फिल्म दाखवल्या आणि गाड्यांचा वेग विचारला. प्रश्नातलं क्रियापद तेवढं बदललं. गाड्या एकमेकींवर 'आदळल्या' तेव्हा, असं विचारलं तर सरासरी उत्तर ताशी सुमारे ४१ मैल. 'टेकल्या' तेव्हा, असं विचारलं तर सुमारे ३२. दुसऱ्या प्रयोगात १५० विद्यार्थी होते. आठवड्यानंतर त्यांना विचारलं, काच फुटलेली दिसली का? फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती. तरी 'आदळल्या' ऐकलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले.

दुसरी गोष्ट आपल्या विषयाला जास्त जवळची. डिसेंबर १९७४ मध्ये रॉबर्ट बकहाउट यांनी न्यूयॉर्कच्या टीव्ही बातम्यांत पर्स हिसकावल्याचा एक छोटा प्रसंग दाखवला. मग सहा जणांची रांग दाखवून प्रेक्षकांना फोन करायला सांगितलं. दोन हजारांवर लोकांनी फोन केला. बरोबर उत्तर देणारे जेमतेम १४ टक्के. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी साधारण तेवढंच आलं असतं! पण पद्धत पाहा. घरी बसलेले अनोळखी लोक, समोर पडदा, दुरून दिलेलं उत्तर. आजच्या ऑनलाइन प्रयोगाचा हा आजोबाच म्हणायचा.

तिसरी गोष्ट कायद्याची. टस्कीगीत कृष्णवर्णीय रुग्णांवर १९३२ पासून चाळीस वर्षं उपचार न करता 'अभ्यास' चालला होता, हे उघडकीस आलं होतं. स्टॅनफर्डचा कृत्रिम तुरुंगाचा प्रयोग १९७१ मध्ये दोन आठवड्यांचा ठरवून सहा दिवसांत गुंडाळावा लागला होता. १९७४ मध्ये अमेरिकेत मानवी संशोधनाबाबत कायदा झाला आणि त्याने नेमलेल्या आयोगाचा बेलमाँट अहवाल १९७९ मध्ये आला. सहभागीचा आदर, त्याचं हित आणि न्याय, ही तीन तत्त्वं त्यात मांडली. आज प्रयोगाच्या सुरुवातीला संमतीचं जे लांबलचक पान येतं आणि जे आपण न वाचता खाली सरकवतो, त्याची मुळं इथे आहेत.

या प्रयोगांचं मोल कळलं ते डीएनए चाचणी आल्यावर. नॉर्थ कॅरोलायनातला रोनाल्ड कॉटन बलात्काराच्या आरोपावरून दहा वर्षांहून जास्त काळ तुरुंगात होता. पीडितेने त्याला फोटोंत ओळखलं, रांगेत ओळखलं, कोर्टात पूर्ण खात्रीने ओळखलं. ती खोटं बोलत नव्हती. १९९५ मध्ये डीएनएने सिद्ध केलं, की तो गुन्हेगार नव्हताच. अमेरिकेत डीएनएमुळे सुटलेल्या निरपराधांच्या खटल्यांपैकी निम्म्याहून कितीतरी जास्त खटल्यांत चुकीची ओळख हे एक कारण होतं. १९९९ मध्ये तिथल्या न्याय खात्याने पोलिसांसाठी मार्गदर्शिका काढली. २०११ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने या संशोधनाच्या आधारे ज्युरींना द्यायच्या सूचना बदलायला लावल्या. म्हणजे वर्गात बसून फॉर्म भरणाऱ्या हजारो मुलांची उत्तरं शेवटी न्यायासनापर्यंत पोचली.

पण अडचण होती. हे सहभागी बहुतेक अमेरिकन कॉलेजची मुलं. २०१० मध्ये जोसेफ हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की पाश्चात्त्य, शिकलेल्या, श्रीमंत देशांतल्या मूठभर लोकांवरून आपण साऱ्या मानवजातीबद्दल बोलतो. यावर इंटरनेट हा उपाय वाटला. २००५ मध्ये ॲमेझॉनने 'मेकॅनिकल टर्क' सुरू केलं होतं. अठराव्या शतकात बुद्धिबळ खेळणारं एक 'यंत्र' युरोपभर फिरलं, आत माणूस लपलेला असायचा. नाव त्यावरूनच घेतलं. २०१४ मध्ये खास संशोधनासाठी 'प्रोलिफिक' आलं. २०२० च्या कोविडमध्ये प्रयोगशाळा बंद पडल्या आणि ऑनलाइन हाच मुख्य रस्ता झाला.

आता यात आपण कुठे? २०१० च्या सुमारास टर्कवर काम करणाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश भारतातले होते. पण चेहऱ्यांच्या प्रयोगात एक पेच असतो. मालपास आणि क्रॅविट्झ यांनी १९६९ मध्येच दाखवलं होतं, की परक्या वंशाचे चेहरे माणसाला कमी नीट ओळखता येतात. अमेरिकन चेहऱ्यांची रांग सांगलीतल्या माणसाने पाहिली, तर त्या उत्तराचा अर्थ काय लावायचा? आपल्याकडेही ओळख परेड होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेत एका संशयितासोबत किमान अर्धा डझन माणसं उभी करावीत असं आहे. ती माणसं संशयिताशी किती मिळतीजुळती असली म्हणजे पुरे, हे आपल्याच लोकांवर, आपल्याच चेहऱ्यांवर तपासायला हवं. त्यासाठी आपल्याकडचे सहभागी लागतात.

संमतीचा धडाही आपल्याला नवा नाही. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयात एका खुनाच्या खटल्यात मेंदूच्या विद्युतलहरींच्या चाचणीचा आधार घेऊन शिक्षा झाली आणि जगभर चर्चा झाली. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात निर्णय दिला, की नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग संमतीशिवाय करता येणार नाही. प्रयोगशाळा असो की पोलीस कोठडी, माणसाच्या मनात डोकवायचं तर आधी त्याला विचारायला हवं.

मग प्रश्न उरतो सहभागीच्या जबाबदारीचा. २०१८ मध्ये संशोधकांना टर्कवर अर्थहीन उत्तरांचा ढीग सापडला. कुणी स्वयंचलित प्रोग्रॅम वापरत होतं, कुणी न वाचता बटणं दाबत होतं. यात काय बिघडलं? समजा, फोटो एकत्र दाखवावेत की एकेक, याची तुलना चालू आहे. दोन्ही गटांत कंटाळून दाबलेली उत्तरं मिसळली, तर खरा फरक झाकला जातो. उद्या पोलिसांनी कुठली पद्धत वापरावी हे त्यावरून ठरणार असेल, तर त्या बेफिकिरीची किंमत रांगेत उभा असलेला कुणी निरपराध माणूस मोजणार.

म्हणून असं आमंत्रण आलं तर आधी संमतीचं पान वाचा. संशोधन कुणाचं, नीतिसमितीची मंजुरी आहे का, माहिती कुठे साठवणार, हे पाहा. आधार क्रमांक किंवा बँकेचा पासवर्ड मागितला तर ते संशोधन नव्हे. गुन्ह्याचं दृश्य पाहून त्रास झाला, तर मध्येच सोडायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, कारण द्यावं लागत नाही. शेवटी प्रयोगाचा खरा हेतू सांगणारं पान येतं, तेही वाचा. बर्लिनच्या विद्यार्थ्यांना निवड नव्हती, तुम्हाला आहे. आणि भाग घेतलाच, तर आठवत नसेल तिथे सरळ 'आठवत नाही' असं लिहा. या शास्त्राला त्या उत्तराचा फार उपयोग होतो.