कल्याणच्या पेठेतील दुकानघरांचे रंग

जुन्या घरात दप्तर सापडले म्हणजे आपण ते रुमालासह उचलून आणतो. ज्या भिंतीच्या कोनाड्यात ते शंभर-दीडशे वर्षे सुखरूप राहिले, त्या भिंतीकडे मात्र कोणी वळून पाहत नाही. या दोषास आम्हीही अपवाद नाही. कल्याणच्या जुन्या पेठेतील एका घराविषयी काही वर्षांपूर्वी बोलताना, त्याच्या माडीवरील निळा रंग पेशवाईतील असावा, असे विधान आम्ही चारचौघांत केले होते. ते चुकीचे होते. ते का चुकीचे होते हे सांगावे, व चुकीचा शोध घेताना जे हाती लागले तेही वाचकांपुढे ठेवावे, एवढ्यासाठी हे टिपण आहे.

घर नेहमीच्याच धाटणीचे. रस्त्याच्या अंगास ओटा, त्यावर फळ्यांच्या दारांचे दोन खणी दुकान, मागे स्वयंपाकघर व विहीर, वर माडीवर कुटुंबाचे राहणे. दर्शनी भिंतीवर तुळयांच्या रेषेपर्यंत गेरू आणि त्या रेषेच्या वर निळसर सफेदी. ठाण्याच्या जुन्या बाजारातही अशी दुरंगी घरे आम्ही पाहिली आहेत. हा भेद शोभेसाठी केलेला नसून कामाच्या सोयीचा आहे. या पट्ट्यात वर्षाकाठी सुमारे शंभर इंच पाऊस पडतो. रस्त्यावरचा चिखल कमरेइतका उडतो. गोण्यांची घासण, तेलाचे हात आणि बैलांची शिंगे ही सर्व खालच्या भिंतीसच लागतात. पांढऱ्या चुन्यावर हा मळ आठ दिवसांत दिसू लागतो, गेरूवर तो वर्षभर झाकला जातो. उलट, रस्ता अरुंद असल्यामुळे समोरच्या माडीची सफेदी आपल्या दुकानात उजेड पाडते. प्रत्येकाचा उजेड असा शेजाऱ्याच्या चुन्यावर अवलंबून असल्याने, दिवाळीपूर्वी सफेदी न काढणाऱ्यास पेठेत नावे ठेवली जात, यात नवल नाही.

शास्त्राधार शोधू गेल्यास काय मिळते? विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तृतीय खंडातील चित्रसूत्रात वास्तूच्या उपयोगाप्रमाणे चित्रांचा विवेक सांगितला आहे. घरात शृंगार, हास्य व शांत हेच रस असावेत, युद्ध, स्मशान इत्यादि अमंगल विषय नसावेत. देवालयात व राजगृहात मात्र सर्व रस चालतात. (स्वतःच्या घरी स्वतः चित्रकर्म करू नये, असाही निषेध तेथे आहे. तो चित्रकारांच्या पोटाची काळजी घेणाऱ्या कोणी घातला असावा, अशी आम्हांस शंका येते.) परंतु ज्या वास्तूचा खालचा भाग बाजार आणि वरचा भाग संसार, तिचा विचार या विभागणीत येत नाही. बृहत्संहितेत चार वर्णांस पांढरी, तांबडी, पिवळी व काळी भूमी प्रशस्त म्हटली आहे, त्यावरून वाण्याचे घर पिवळे असावे असे अनुमान काही उत्साही मंडळी काढतात. तो नियम जमिनीचा आहे, भिंतीचा नव्हे.

द्रव्यांची माहिती हवी असेल तर मानसोल्लासाकडे वळावे. चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याचा हा ग्रंथ इ. स. ११३० च्या सुमाराचा आहे. त्याची राजधानी कल्याण होती खरी, पण ते कल्याण म्हणजे कर्नाटकातील बसवकल्याण. आमच्या खाडीकाठच्या कल्याणाशी त्याचा घोटाळा छापील पुस्तकांतूनही झालेला आहे. तेथे पांढऱ्यासाठी शंखचूर्ण, तांबड्याच्या छटांसाठी दरद म्हणजे हिंगूळ, अळिता व गैरिक, पिवळ्यासाठी हरताळ आणि काळ्यासाठी काजळ सांगितले आहे. पोथ्या जमविणाऱ्यांस ही यादी ओळखीची वाटेल. हिंगुळाने आपण अध्यायसमाप्ती रंगविलेली पाहतो, आणि चुकीच्या अक्षरांवर जे फासले जाई त्या हरताळावरून तर म्हणच पडली आहे.

पण पोथी आणि भिंत यांत मोठा फरक आहे. भिंतीवर चुना असतो, आणि चुना तीक्ष्ण क्षार आहे. अळित्यासारखे सेंद्रिय रंग चुन्यात व उन्हात टिकत नाहीत. हिंगूळ उघड्यावर काळवंडतो. टिकतात त्या मुख्यतः लोहयुक्त माती: गेरू, काव, पिवडी, हिरमुजी. यांतील हिरमुजी हा शब्द इराणच्या आखातातील हुर्मुज बेटाची आठवण ठेवून आहे. त्या बेटाची तांबडी माती पूर्वापार परदेशी जात आली आहे.

आता निळ्याचा प्रश्न. झाडापासून काढलेली नीळ उघड्या भिंतीवर उन्हाने विटते. प्रशियन निळा चुन्यात तपकिरी होतो. लाजवर्द चुन्यात उत्तम टिकतो. परंतु तो बदख्शानच्या खाणींतून येणारा, रत्नाच्या मोलाचा. बाजारपेठेतील भिंतीवर तो कोण उधळील? या लाजवर्दाची कृत्रिम प्रतिकृती फ्रान्स व जर्मनी या देशांत सिद्ध झाली ती १८२८ च्या सुमारास, म्हणजे पेशवाई बुडाल्यानंतर दहा वर्षांनी. पुढे हीच भुकटी कपड्यांची नीळ म्हणून घरोघर गेली आणि सफेदीच्या बादलीतही पडू लागली.

राहता राहिले मोरचूद. कीड लागू नये म्हणून ते चुन्यात घालीत, आणि त्यानेही निळाई येते, पण ती हिरवट असते. परीक्षा सोपी आहे. रंगाच्या कपचीवर सौम्य आम्लाचा थेंब टाकावा. चुना फसफसतोच, पण निळा रंग नाहीसा होऊन कुजक्या अंड्याचा वास आला, तर तो कृत्रिम लाजवर्द समजावा. थेंबच निळा झाला व त्यात धरलेल्या लोखंडी सुईस तांबे चढले, तर मोरचूद. खऱ्या लाजवर्दाचा रंगही आम्लाने जातो, त्याचा निवाडा सूक्ष्मदर्शकाखाली होतो: खाणीतल्या दगडाच्या पुडीचे कण ओबडधोबड, तर कृत्रिमाचे बारीक, गोल व सारखे. आमच्या कपचीस वास आला आणि तिचे कण गोल निघाले. आमचे जुने विधान येथे संपले.

या शोधात दुसरी एक गोष्ट निघाली. दुकानाच्या दोन दारांमधील भिंतीचा पट्टा आम्ही हलकेच खरवडला. वर गेरूचे थर, त्याखाली माडीवरचाच निळा, आणि त्याखाली निव्वळ पांढरा. म्हणजे एके काळी संपूर्ण दर्शनी भाग एकरंगी होता. दारांच्या कडांशी जुना गिलावा तुटलेला व नवा जोडलेला दिसला, तो याच अनुमानास पोषक आहे. घराण्यात दुकान पेशवाईपासूनचे म्हणून सांगत. भिंतीच्या मते ते निळ्यानंतरचे, म्हणजे १८२८ च्या अलीकडचे. मुंबईहून आगगाडी ठाण्यास १८५३ त व कल्याणास १८५४ त आली. रेल्वेमुळे पेठेतली राहती घरे दुकाने बनली, असे आमचे मत आहे; पण एका घरावरून ते सिद्ध झाले असे आम्ही म्हणणार नाही. शिवाय सफेदी काढण्यापूर्वी भिंत खरवडण्याची चाल असल्याने काही थर नाहीसे झालेले असतात. थरांची संख्या मोजून वर्षे काढू नयेत. थरांच्या क्रमावरच विश्वास ठेवावा.

वरचे छप्परही या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. बासेल मिशनचा कौलांचा कारखाना मंगळुरास १८६५ त निघाला, आणि पुढे तांबडी चापट कौले कोकणभर पसरून कुंभाराची काळपट नळीची कौले मागे पडली. म्हणजे पेठेचा वरून दिसणारा रंगही पालटला. पणजीच्या फोंतेन्यश भागात घरांचे पिवळे, निळे व तांबडे रंग जपले जातात आणि लोक ते पाहावयास जातात. कल्याणास व ठाण्यास रंग पाहावयास कोणी येत नाही. डोंबिवलीचे स्थानकच १८८७ चे, तेव्हा तेथे एवढे जुने थर मिळण्याची आशा कमी. तथापि स्थानकाजवळच्या, खाली गाळे व वर बिऱ्हाडे असलेल्या चाळीही आता एकेक करून उतरत आहेत, आणि त्यांच्या चुन्याखाली काय होते ते कोणी नोंदलेले नाही.

वाचकांस विनंती एवढीच की, घर उतरण्यापूर्वी दप्तराबरोबर तळहाताएवढा गिलावाही काढून घ्यावा. तुकडा खालच्या मजल्याचा व वरच्या मजल्याचा असा वेगवेगळा असावा. पाठीवर पेठेचे नाव, मजला, दिशा व तारीख शिसपेन्सिलीने लिहावी, आणि तो कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावा. धुऊ नये.

वर वर्णिलेल्या घराचे असे दोन तुकडे आमच्यापाशी आहेत. ते घर यंदा पावसाळ्यापूर्वी उतरले. मागील भिंतीचा तुकडा घेण्यास आम्ही गेलो, तेव्हा तेथे जोत्याचे दगड आणि विहीर एवढेच उरले होते.