घाटातला जुना रस्ता

मागच्या महिन्यात शेजारच्या एका तरुणाने मला विचारले, ‘‘काका, वर्दळ नसलेला, चढउताराचा आणि डांबर बरे असलेला एखादा रस्ता सांगा ना.’’ त्याच्याकडे गिअरची हलकी सायकल आहे, एका हाताने उचलता येईल अशी. मी आयुष्यभर चालवली ती काळी, दांडीची, लोखंडी सायकल. तरी त्याने मलाच विचारले, याचा मला आनंद झाला. चारदोन घाटांची नावे सांगितली. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटले, आपण त्याला अर्धेच सांगितले. हे रस्ते शांत कसे झाले, हे सांगितलेच नाही. सह्याद्रीतला एकही शांत रस्ता मुळात शांततेसाठी बांधलेला नाही.

सह्याद्री ओलांडायच्या वाटा फार जुन्या. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांचा ब्राह्मी लेख आहे, जवळच दगडी रांजण आहे आणि तो जकातीचा होता असे लोक सांगतात. पण ही वाट पावलांची. ‘बॉम्बे प्रेसिडेन्सी गॅझेटियर’चा पुणे जिल्ह्याचा खंड १८८५ साली निघाला, त्यात घाटवाटांची लांबलचक यादी आहे. कोणत्या वाटेने लादलेला बैल जातो आणि कुठून फक्त माणूस उतरू शकतो, हे त्यात लिहिले आहे. लमाणांचे तांडे पाठीवर गोण्या लादलेले बैल घेऊन या वाटांनी कोकणातले मीठ वर आणीत आणि धान्य खाली नेत. लादलेला बैल पायऱ्यांवरूनही चढतो. गाडीला जुंपलेला बैल मात्र चढत नाही. घाटातल्या रस्त्यांचा इतिहास या फरकापासून सुरू होतो.

बोरघाटाचे उदाहरण घेऊ. १८०३-०४ च्या सुमारास आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, याने लष्करासाठी पनवेल ते पुणे हा रस्ता नीट करवून घेतला. गाड्यांसाठी घाट बांधून काढला तो पुढे, मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने. १० नोव्हेंबर १८३० रोजी तो खुला झाला. देशावरचा कापूस गाडीतून थेट पनवेलच्या बंदरापर्यंत आणि तिथून मचव्यांनी मुंबईला जाऊ लागला.

इथे थोडा हिशेब करू या. रस्ता वीस फूट पुढे गेल्यावर एक फूट वर चढत असेल, तर त्याला वीसास एकाचा चढ म्हणतात. हजार किलोची लादलेली गाडी अशा चढावर नेताना बैलांना सपाटीवरच्या ओढीशिवाय आणखी पन्नास किलोची ओढ द्यावी लागते. चढ दहास एक केला की तीच ओढ शंभर किलो होते आणि बैल गुडघे टेकतात. म्हणून इंजिनिअरांनी डोंगराला वळसे दिले, रस्ता लांबवला, चढ मऊ केला. आता सायकलवाल्याचे पाहा. स्वार आणि सायकल मिळून ऐंशी किलो धरले, तर वीसास एकाच्या चढावर जास्तीची ओढ चार किलोची. दुधाची मोठी पिशवी घेऊन जिना चढण्यासारखे. दम लागतो, पण जमते. बैलाची सोय पाहून आखलेला रस्ता माणसाच्या पायालाही मानवतो, तो असा. आजही इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत डोंगराळ मुलखासाठी वीसास एक हाच साधारण चढ धरलेला आहे.

रेल्वेवाल्यांचे गणित याहून कडक. बोरघाटातल्या लोहमार्गाला जास्तीत जास्त चढ सदतिसास एक. १८३१ फूट चढायचे, त्यासाठी पंचवीस बोगदे खोदले. काम १८५६ साली सुरू झाले आणि मार्ग १८६३ मध्ये उघडला. मध्यंतरी एक गंमत झाली. खालून गाडी खोपोलीपर्यंत येत होती, वर खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला होता, आणि मधला घाट तसाच राहिला होता. त्यामुळे पाच वर्षे प्रवासी खोपोलीला उतरत आणि पालखीतून, तट्टावरून किंवा पायी घाट चढून खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसत. माल्कमचा रस्ता तेव्हा भरभराटीत होता.

आणि १८६३ साली लोहमार्ग जोडला गेल्यावर हा रस्ता ओस पडला. कापूस रुळावरून जाऊ लागला, माणसे रुळावरून जाऊ लागली. आजच्या दोन चाकांची सायकल इंग्लंडात १८८५ मध्ये आली, हवेचे टायर १८८८ मध्ये. ती आपल्याकडे पोचेतोवर सह्याद्रीतला हा बांधून तयार, मऊ चढाचा, रिकामा रस्ता जणू तिची वाट पाहत होता. पुढे मोटारी आल्या आणि हे भाग्य संपले. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला तेव्हा जुना रस्ता पुन्हा मोकळा होईल असे आम्हा सायकलवाल्यांना वाटले होते. तसे झाले नाही. टोल चुकवणारे तिकडेच राहिले, आणि घाटात तर काही अंतर दोन्ही रस्ते एकच होतात. द्रुतगती मार्गावर सायकलला मनाई आहे, ती योग्यच आहे.

याच घाटात जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचे देऊळ आहे. घाटाची वाट साहेबाला एका धनगराने दाखवली आणि बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळाली, अशी कथा आहे. कागदावर तिचा पुरावा माझ्या पाहण्यात नाही. पण ट्रकवाले अजून तिथे नाणे टाकतात, आणि मीही टाकतो.

मला खरे सांगायचे होते ते वरंध घाटाविषयी. पुण्याहून भोर, हिर्डोशी, वरंध आणि महाड, सगळे मिळून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. १९७९ च्या डिसेंबरात मी आणि माझा एक मित्र तिकडून गेलो. गिअर नाही, कॅरियरला धोपटी, खिशात सोल्यूशनची नळी आणि ठिगळे. भोर सोडल्यावर तासभर एक वाहन दिसले नाही. हिर्डोशीच्या अलीकडे एका म्हातारीने आम्हाला थांबवून विचारले, ‘‘पोरांनो, येष्टी चुकली का रं?’’ हौसेखातर कोणी घाट चढत असेल, हे तिच्या कल्पनेत बसेना. आम्हाला हसू आले. तिने गूळ आणि पाणी दिले. उतारावर ब्रेकची रबरे गरम होऊन वास येऊ लागला तेव्हा सायकली हातात धरून चालत उतरलो. कावळ्या किल्ल्याची धार कापून हा रस्ता काढला आहे, आणि कोकणाकडे तोंड करून उभे राहिले की खाली शिवथरचे खोरे पसरलेले दिसते.

दोन वर्षांपूर्वी त्याच रस्त्याने पुन्हा गेलो. सायकल तीच, पण भोरपर्यंत टेम्पोतून नेली, कारण गुडघे आता ऐकत नाहीत. मध्यंतरी नीरा-देवघर धरण झाले आहे. रस्त्याच्या कडेने मैलोगणती निळे पाणी. कुणीही छायाचित्र काढावे असे ते दृश्य आहे. मी मात्र म्हातारीचे घर शोधत होतो. ज्याला विचारले त्याने हातानेच पाण्याकडे दाखवले. अमकी वाडी उठली, तमकी वाडी उठली, जमीन मिळाली ती लांब. माझ्या आठवणीतली शांतता निराळी होती. तिच्यात माणसे होती.

घाटमाथ्याशी वाघजाईचे देऊळ आहे, तिथे भजी-चहाच्या टपऱ्या. मी सायकल भिंतीला टेकवली आणि टपरीवाल्याला म्हणालो, ‘‘काय छान शांत आहे हो इथे.’’ त्याने कढईतला झारा बाजूला ठेवला. ‘‘काका, तुमाला बरं वाटतंय. पावसाळ्यात घाट बंद झाला की आमी चार महिने असेच शांत असतो.’’

तो खरे बोलत होता. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत हा घाट ठिकठिकाणी खचला. त्याच पावसात २२ जुलैला खालच्या बाजूला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. तेव्हापासून पावसाळ्यात वरंध घाटातली वाहतूक बंद करण्याचे हुकूम निघत आले आहेत. आता या रस्त्याला राष्ट्रीय महामार्गाचा दर्जा मिळाला आहे. रुंदीकरण हवे आहे ते टपरीवाल्याला, महाडला दवाखान्यात जाणाऱ्या बाईला, भाजी विकायला जाणाऱ्या शेतकऱ्याला. नको आहे ते मला आणि शेजारच्या त्या तरुणाला. मतदान घेतले तर मी कुणाच्या बाजूने हात वर करीन, हे मलाच ठाऊक नाही. बहुधा टपरीवाल्याच्या. पण मनापासून नाही.

त्या तरुणाला मी दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावले आणि वरंधची वाट कागदावर काढून दिली. पावसाळा सोडून जा, भोरला पाणी भरून घे, ब्रेक नवे घाल, आणि वाघजाईशी थांबून भजी खा, दोन प्लेट खा, पैसे देताना सुटे मागू नकोस, असे सांगितले. त्याने विचारले, ‘‘तुम्ही येता का?’’ मी म्हटले, भोरपर्यंत टेम्पो मिळाला तर येतो.