सीमेहून जुना रस्ता
ऑफिसच्या कामासाठी मी सिंगापूरहून बसने मलेशियातल्या जोहोर बाहरूला गेलो. मधला कॉजवे जेमतेम एक किलोमीटरचा, पण दोन्ही टोकांना बसमधून उतरून पासपोर्ट दाखवावा लागतो. तिथल्या सर्व्हरपर्यंत डेटा काही मिलिसेकंदांत पोचतो. मला अडीच तास लागले.

गंमत म्हणजे हा रस्ता सीमेहून जुना आहे. १९२४मध्ये त्याचं उद्घाटन झालं, तेव्हा दोन्ही किनाऱ्यांवर ब्रिटिशांचाच वरचष्मा होता. ३१ जानेवारी १९४२ला माघार घेताना त्यांनीच तो सुरुंगांनी उडवला. त्याबरोबर जोहोरहून सिंगापूरला येणारी पाण्याची पाइपलाइनही तुटली. ८ फेब्रुवारीच्या रात्री जपानी सैन्य होड्यांतून उतरलं आणि १५ तारखेला सिंगापूर पडलं.

१९६५मध्ये सिंगापूर मलेशियातून वेगळं झालं. १९६७पासून इथे पासपोर्ट तपासणी सुरू झाली. एकाच मुलखातला रस्ता परदेशात जाऊ लागला.

पाणी मात्र अजूनही जोहोरहूनच येतं. १९६२च्या कराराची मुदत २०६१पर्यंत आहे. सिंगापूर आज समुद्राचं पाणी गोडं करतं, सांडपाणीही शुद्ध करून वापरतं. शेजाऱ्याशी कितीही सख्य असलं, तरी नळाची चावी त्याच्या अंगणात आहे, हे ते विसरलेलं नाही.