पावसाळी विश्रांतीत नौकेच्या बॅटरीची निगा

मे महिना सरत आला, की कोकणातील बंदरांचे रूप पालटू लागते. सातपाटी, वर्सोवा, हर्णै, मिरकरवाडा, मालवण येथील यांत्रिक नौका एकामागून एक किनाऱ्याला लागतात. जाळी उतरविली जातात, लहान होड्या वाळूवर ओढून शाकारल्या जातात. महाराष्ट्र व गोव्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना सर्वसाधारणपणे १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारीस मनाई असते. माशांच्या प्रजननाला अवसर मिळावा आणि खवळलेल्या समुद्रात जीवितहानी होऊ नये, हे या बंदीमागील दोन मुख्य हेतू होत. मुंबईच्या बंदरात हौसेने शिडाच्या होड्या चालविणारेही याच सुमारास आपल्या होड्या पाण्याबाहेर काढतात.

या दोन महिन्यांत इंजिनाची दुरुस्ती होते, जाळी विणली जातात, तळाला रंग दिला जातो. बॅटरीकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती होडीतच, तारा जोडलेल्या अवस्थेत पडून राहते. काम नाही म्हणजे झीज नाही, असा सर्वसाधारण समज असतो. वास्तव नेमके उलट आहे. नियमित वापरात असलेल्या बॅटरीपेक्षा अर्धवट रिकाम्या अवस्थेत पडून राहिलेली बॅटरी फार लवकर निकामी होते.

पडून राहण्याने काय बिघडते?

नौकांवर आजही प्रामुख्याने शिसे-आम्ल प्रकारची बॅटरी वापरली जाते. गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये तिचा शोध लावला. मोटारीत आणि घरातील इन्व्हर्टरला असते ती याच कुळातली. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात. प्रत्येक सेलमध्ये शिशाची व शिशाच्या डायऑक्साइडची अशा प्लेट सौम्य गंधकाम्लात बुडविलेल्या असतात. बॅटरी वीज देऊ लागली, की दोन्ही प्लेटवर शिशाच्या सल्फेटचा थर बसतो आणि आम्ल पातळ होत जाते. चार्जिंग करताना हीच क्रिया उलट दिशेने होते. सल्फेट विरघळते आणि आम्ल पुन्हा तीव्र होते.

ताजे सल्फेट अत्यंत बारीक कणांचे असते आणि ते सहज विरघळते. बॅटरी काही आठवडे तशीच राहिली, तर हे कण एकत्र येऊन त्यांचे कठीण स्फटिक बनतात. मग कितीही चार्जिंग केले तरी ते पूर्णपणे विरघळत नाहीत आणि प्लेटचा तेवढा भाग कायमचा वाया जातो. या दोषाला सल्फेशन म्हणतात.

शिवाय कोणतेही उपकरण जोडलेले नसतानाही बॅटरी आपोआप उतरत असते. पाणी भरावे लागणारी पारंपरिक बॅटरी २० ते २५ अंश सेल्सिअस तापमानात महिन्याला सुमारे पाच टक्के वीज गमावते. तापमान दहा अंशांनी वाढले, की हा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. कोकणातील दमट उष्म्यात जुनी बॅटरी दोन महिन्यांत एवढ्यानेच लक्षणीय प्रमाणात रिकामी होऊ शकते. त्यात एखादे उपकरण चालू राहिले तर काय होते, हे साध्या हिशेबाने कळते. अवघे ०.०५ अँपिअर घेणारा लहानसा दिवा दिवसाला १.२ अँपिअर-तास वीज खातो. ६१ दिवसांत हा आकडा ७३ अँपिअर-तासांवर जातो. १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत मग फारसे काही उरत नाही.

थंड देशांतील अनुभव

बॅटरीच्या हंगामी साठवणुकीचे शास्त्र मुख्यत्वे थंड देशांत रुजले. कॅनडा, उत्तर अमेरिकेतील महासरोवरांचा परिसर किंवा बाल्टिक समुद्राचा किनारा येथे हौशी होड्या शरद ऋतूत पाण्याबाहेर काढल्या जातात आणि वसंतापर्यंत झाकून ठेवल्या जातात. तेथे मुख्य भय गोठण्याचे असते. पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीतील आम्ल उणे ५० अंशांखालीही द्रवरूप राहते. पूर्णपणे उतरलेल्या बॅटरीतील द्रव मात्र जवळजवळ पाण्यासारखा असल्याने उणे दहा अंशांच्या आसपासच गोठतो. गोठताना तो प्रसरण पावतो, प्लेट वाकतात आणि कवचही तडकते.

थंडीचा एक लाभही आहे. कमी तापमानात बॅटरी फार सावकाश उतरते. त्यामुळे पूर्ण भरून, तारा सोडवून ठेवलेली बॅटरी तेथील हिवाळा सहसा सुखरूप पार करते. कोकणात गोठण्याचे भय नाही. पण उष्म्यामुळे बॅटरी उतरण्याचा वेग अधिक आणि खाऱ्या दमट हवेमुळे टर्मिनल गंजण्याचा धोकाही मोठा. साहजिकच, तिकडे एकदा भरून ठेवण्यावर भागते, तर इथे मधूनमधून तपासणी करणे आवश्यक ठरते. पूर्ण चार्ज करून ठेवावी, हा मूळ नियम मात्र दोन्हीकडे सारखाच.

बॅटरी उतरविताना

नौका किनाऱ्याला लागल्यावर शक्य तितक्या लवकर बॅटरी काढून घ्यावी. प्रथम इंजिन व सर्व उपकरणांची बटणे बंद करावीत. आधी ऋण टर्मिनलची तार सोडवावी, नंतर धन टर्मिनलची. पुन्हा बसविताना हा क्रम उलटा ठेवावा. धन तार आधी आणि ऋण तार शेवटी. यामुळे पाना चुकून धातूच्या भागाला लागला तरी ठिणगी उडण्याचा संभव कमी होतो. तारांवर खुणेच्या चिठ्ठ्या बांधाव्यात. २४ व्होल्टसाठी दोन बॅटऱ्या एकापाठोपाठ जोडलेल्या असतील, तर ही खबरदारी अधिकच महत्त्वाची.

टर्मिनलवर जमलेली पांढरी-हिरवी भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी. सोडा आम्लाचा प्रभाव नष्ट करतो; म्हणूनच तो सेलमध्ये जाऊ नये यासाठी झाकणे घट्ट लावलेली असावीत. नंतर बॅटरी पुसून पूर्ण कोरडी करावी आणि टर्मिनलला पेट्रोलियम जेलीचा पातळ लेप द्यावा. वरच्या पृष्ठभागावरील ओलसर मिठाचा थरही दोन टर्मिनलांमध्ये वीज झिरपू देतो, त्यामुळे ही स्वच्छता केवळ दिखाऊ नव्हे. हे काम करताना हातमोजे आणि चष्मा वापरणे हिताचे.

सेलमधील द्रव कमी झाला असेल तर केवळ डिस्टिल्ड वॉटर भरावे. नळाचे किंवा विहिरीचे पाणी, तसेच बाहेरून आणलेले आम्ल कधीही घालू नये. प्लेट उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढेच पाणी आधी घालावे आणि उरलेले चार्जिंग पूर्ण झाल्यावर खुणेपर्यंत भरावे. चार्जिंगच्या वेळी द्रवाची पातळी वाढते. आधीच काठोकाठ भरल्यास आम्ल बाहेर सांडते.

कोठे ठेवावी?

जागा कोरडी, सावलीची आणि हवेशीर असावी. सिमेंटच्या जमिनीवर ठेवल्याने बॅटरी उतरते, ही समजूत जुन्या काळातील लाकडी व रबरी कवचांच्या बॅटऱ्यांपासून चालत आलेली आहे. आजच्या प्लॅस्टिकच्या कवचाला तो धोका नाही. तरीही लाकडी फळीवर ठेवल्यास ओल लागत नाही आणि गळती झाल्यास लगेच दिसते.

चार्जिंगच्या वेळी, विशेषतः अखेरच्या टप्प्यात, बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडतो. हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले, की एका ठिणगीनेही स्फोट होऊ शकतो. म्हणून स्वयंपाकघर, देव्हारा किंवा बंद कोठडी या जागा सर्वस्वी वर्ज्य. लहान मुलांचा हात पोहोचणार नाही, याचीही दक्षता घ्यावी.

चार्जिंग आणि मोजमाप

साठवणीपूर्वी बॅटरी पूर्ण चार्ज करणे ही सर्वांत महत्त्वाची पायरी. चार्जिंगचा प्रवाह क्षमतेच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीसाठी सुमारे १० अँपिअर, असावा. चार्जर काढल्यानंतर काही तास थांबूनच व्होल्टेज मोजावे. लगेच मोजल्यास आकडा फसवा येतो. विश्रांत अवस्थेत १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे सुमारे तीन-चतुर्थांश, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२ किंवा त्याहून कमी म्हणजे जवळजवळ रिकामी.

हायड्रोमीटरने प्रत्येक सेलमधील आम्लाची घनता तपासणे अधिक विश्वासार्ह. पूर्ण चार्ज बॅटरीत ती साधारण १.२६ ते १.२८ असते. उष्ण प्रदेशासाठी बनविलेल्या काही बॅटऱ्यांत ती मुद्दाम थोडी कमी ठेवलेली असते, म्हणून उत्पादकाने दिलेला आकडा प्रमाण मानावा. पाच सेलमधील घनता सारखी आणि एकीतील बरीच कमी आढळली, तर त्या सेलमध्ये दोष आहे असे समजावे.

यानंतर दर पंधरा दिवसांनी व्होल्टेज मोजून तारखेसह वहीत नोंदवावे. आकडा १२.४ पर्यंत खाली येताच पुन्हा चार्जिंग करावे. भरल्यावर आपोआप कमी दाबावर जाणारे चार्जर मिळतात, ते १३.२ ते १३.८ व्होल्टचा दाब कायम राखतात. साधा चार्जर मात्र दिवसेंदिवस जोडून ठेवू नये. सतत अतिरिक्त चार्जिंग झाल्यास पाणी आटते आणि प्लेट झिजतात. वादळी पावसात वीजपुरवठ्यावर भरवसा नसल्याने चार्जर खरोखर चालू आहे की नाही, हे स्वतः पाहणे श्रेयस्कर.

बॅटरीच्या प्रकारानुसार नियम थोडे बदलतात. पूर्णपणे बंद असलेली जेल किंवा एजीएम बॅटरी अधिक सावकाश उतरते. परंतु तिला पाणी घालता येत नाही आणि जास्त दाबाने चार्ज केल्यास झालेली हानी भरून निघत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटरीचे तंत्र याहून निराळे. ती साधारण निम्मी भरलेली ठेवणे तिच्या आयुष्याला पोषक असते. तिला तिच्यासाठीच बनविलेला चार्जर वापरावा आणि शून्य अंशाखालील तापमानात ती चार्ज करू नये.

पुन्हा पाण्यात उतरताना

बॅटरीची सर्वाधिक गरज हंगामाच्या पहिल्या दिवसांतच भासते. ऑगस्टच्या आरंभी समुद्र पुरता शांत झालेला नसतो. दोन महिने न चाललेले इंजिन सुरू होण्यास अधिक वेळ घेते. लाकडी होडी बराच काळ पाण्याबाहेर राहिली, तर फळ्या आकसून सांधे सैल होतात आणि त्या पुन्हा फुगेपर्यंत तळाशी पाणी झिरपत राहते. हे पाणी उपसणारा विजेचा पंप, दिशादर्शक दिवे, जीपीएस, तसेच संकटकाळी १६ क्रमांकाच्या चॅनेलवर हाक देणारा व्हीएचएफ वायरलेस, या सर्वांना वीज बॅटरीचीच लागते. मच्छीमार नौकांवर सुमारे एक लाख ट्रान्सपॉन्डर बसविण्याच्या राष्ट्रीय योजनेचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाला. सुरक्षेची साधने जसजशी वाढत आहेत, तसतशी बॅटरीवरील जबाबदारीही वाढत आहे.

म्हणून बॅटरी बसविल्यावर नौका किनाऱ्याला असतानाच चाचणी घ्यावी. इंजिन सुरू करताना १२ व्होल्टच्या बॅटरीचे व्होल्टेज १० च्या खाली घसरत असेल, तर ती बॅटरी खोल समुद्रात नेणे धोक्याचे. सर्व दिवे, पंप आणि वायरलेस एकदा चालवून पाहावेत. जोडीतील एक बॅटरी नादुरुस्त असल्यास शक्यतो दोन्ही बदलाव्यात. जुनी व नवी एकत्र जोडल्यास जुनी नवीचेही आयुष्य घटविते. बॅटरी पाण्याच्या संभाव्य पातळीपेक्षा उंचावर, घट्ट बांधलेली असावी. खारे पाणी सेलमध्ये शिरल्यास विषारी क्लोरिन वायू निर्माण होतो.

निकामी झालेली बॅटरी किनाऱ्यावर टाकणे किंवा तिच्यातील आम्ल वाळूत ओतणे हा गंभीर अपराध मानावा. शिसे विषारी असून ते माती व पाण्यात दीर्घकाळ टिकून राहते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्यावर पुनर्प्रक्रिया होईल हे पाहण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी बॅटरी घेताना जुनी विक्रेत्याकडे जमा केल्यास किमतीत सवलतही मिळते.

या साऱ्या देखभालीला लागणारे साहित्य म्हणजे एक मल्टिमीटर, एक हायड्रोमीटर, डिस्टिल्ड वॉटरची बाटली आणि एक वही. दर पंधरवड्यास अर्धा तास दिल्यास ६१ दिवसांत हे काम चार-पाच वेळाच करावे लागते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण होईल, तोवर बॅटरीही भरलेली आणि तपासलेली असावी.