भिंगावरील बुरशी
भिंगावरील बुरशी हा जुन्या फिल्म कॅमेऱ्यांच्या भिंगांना दमट हवेत जडणारा दोष होय. रायगड जिल्ह्यातील पेण, रोहा या तालुक्यांत जून ते सप्टेंबर हवा ओलसर राहत असल्याने तेथे असे कॅमेरे जपणे जिकिरीचे असते; मग तो १२० फिल्मवर १२ चौरस छायाचित्रे घेणारा साधा आगफा क्लिक ३ का असेना.

सुरुवातीला भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात. वेळीच साफ केल्यास भिंग वाचते. अन्यथा बुरशीतून स्रवणारी आम्ले भिंगावरील लेप व पुढे काचही खातात. तो डाग मग पुसला जात नाही.

कॅमेऱ्याची शोभा वाढवणारे चामड्याचे कव्हरच ओल धरून ठेवते. म्हणून कॅमेरा त्यातून काढून सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवतात. हे जेल अधूनमधून तापवून कोरडे करावे लागते.