मानव-प्राणी संकराचे प्रयोग : इतिहास आणि नैतिक मीमांसा

प्रस्तावना :
प्राण्यांचे संकर घडविण्याचा मानवी प्रयत्न फार जुना आहे. खेचर आणि दुग्धव्यवसायातील संकरित गाय ही त्याची परिचित उदाहरणे होत. परंतु संकराची एक बाजू स्वतः मानवच असेल, तर प्रश्नाचे स्वरूप मुळातून बदलते. या विषयाची चर्चा बहुधा 'निसर्गाच्या मर्यादेचे उल्लंघन' या मुद्द्याभोवतीच फिरते. इतिहास मात्र वेगळे सांगतो. अशा प्रयोगांतील अन्याय संकर जन्माला येण्याच्या पुष्कळ आधी, संमतीच्या टप्प्यावरच सुरू होतो. हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संज्ञांचे स्पष्टीकरण :
दोन भिन्न जातींच्या बीजपेशींच्या मिलनातून होणारा जीव म्हणजे संकर. त्याच्या प्रत्येक पेशीत दोन्ही जातींचा वारसा असतो. चिमेरामध्ये मात्र दोन जातींच्या पेशी एकाच शरीरात शेजारी-शेजारी नांदतात. केंद्रक काढून टाकलेल्या प्राण्याच्या अंडपेशीत मानवी पेशीचे केंद्रक बसविले की पेशीद्रव्य-संकर तयार होतो. वृत्तपत्रीय चर्चेत या तिन्हींची सरमिसळ होते व त्यामुळे नैतिक युक्तिवादही गोंधळतो.

इव्हानोव्ह यांचे प्रयोग :
रशियन जीवशास्त्रज्ञ इल्या इव्हानोव्ह (१८७०-१९३२) हे घोड्यांच्या कृत्रिम रेतनाचे जगन्मान्य तज्ज्ञ होते. मानव व वानर यांच्या संकराची शक्यता त्यांनी १९१० मध्ये ग्राझ येथील प्राणिशास्त्रज्ञांच्या परिषदेत मांडली. क्रांतीनंतर सोव्हिएत शासनाने १९२५ मध्ये त्यांच्या मोहिमेसाठी १०,००० डॉलर मंजूर केले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेने फ्रेंच गिनीतील आपले केंद्र त्यांना उपलब्ध करून दिले. २८ फेब्रुवारी १९२७ रोजी दोन चिंपांझी माद्यांमध्ये व जूनमध्ये तिसरीमध्ये मानवी रेताचे रोपण करण्यात आले. एकीलाही गर्भधारणा झाली नाही.

यापुढची योजना अधिक गंभीर होती. रुग्णालयात दाखल झालेल्या आफ्रिकी स्त्रियांमध्ये, त्यांना कल्पनाही न देता, चिंपांझीचे रेत सोडण्याचा इव्हानोव्ह यांचा विचार होता. वसाहतीच्या गव्हर्नरने रुग्णालयात असे करण्यास मनाई केली. सोव्हिएत विज्ञान अकादमीनेही पाठिंबा काढून घेतला. मात्र तिचे कारण लक्षणीय आहे. अशाने युरोपीय डॉक्टरांवरील आफ्रिकी लोकांचा विश्वास उडेल व पुढील मोहिमा अडचणीत येतील, अशी तिला धास्ती होती. त्या स्त्रियांच्या हक्काचा विचार त्यात दुय्यमच राहिला.

मायदेशी परतल्यावर काळ्या समुद्राकाठच्या सुखुमी येथील वानरकेंद्रात हेच काम पुढे नेण्याचे ठरले. तेथे स्वेच्छेने तयार होणाऱ्या सोव्हिएत स्त्रियांचा शोध घेण्यात आला. म्हणजे जी संमती गिनीतील स्त्रीच्या बाबतीत अनावश्यक वाटली, ती सोव्हिएत स्त्रीच्या बाबतीत आवश्यक ठरली. १९२९ मध्ये केंद्रातील एकमेव प्रौढ नर वानर, 'टारझन' नावाचा ओरांगउटान, मरण पावला व प्रयोग थांबला. १९३० च्या अखेरीस राजकीय धरपकडीत इव्हानोव्ह यांना अटक झाली. हद्दपारीत असताना १९३२ मध्ये अल्मा-आटा येथे त्यांचे निधन झाले. ही मोहीम नैतिक विचारामुळे संपली नाही. ती अपयश, वानराचा मृत्यू व राजकारण यांमुळे संपली, ही बाब अस्वस्थ करणारी आहे.

कायद्याची चौकट :
पुढील टप्प्यात प्रश्न प्रयोगशाळेतून न्यायव्यवस्थेकडे व संसदेकडे गेला. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ स्टुअर्ट न्यूमन यांनी १९९७ मध्ये मानव-प्राणी चिमेराच्या पेटंटसाठी अर्ज केला. असा जीव कोणालाही निर्माण करता येऊ नये, हाच त्यांचा हेतू होता. २००५ मध्ये पेटंट कार्यालयाने अर्ज अंतिमतः फेटाळला. मानवाची मालकी असू शकत नाही, तर 'मानव' कोठे सुरू होतो, हा प्रश्न त्यातून पुढे आला.

ब्रिटनमध्ये मानवी अंडपेशींचा तुटवडा असल्याने संशोधकांनी २००६ मध्ये गाईच्या अंडपेशी वापरण्याची परवानगी मागितली. जाहीर चर्चेनंतर २००८ च्या कायद्याने हे संशोधन सशर्त मान्य केले. असे भ्रूण १४ दिवसांपलीकडे वाढवायचे नाही व ते स्त्रीच्या वा प्राण्याच्या गर्भाशयात ठेवायचे नाही, या त्यातील मुख्य अटी होत. येथे एक गोष्ट नोंदवावी लागते. गाईची अंडपेशी वापरल्याने स्त्रियांवरील अंडपेशीदानाचा शारीरिक भार टळणार होता; म्हणजे 'संकर' हाच येथे नैतिक पर्याय म्हणून मांडला गेला.

भारतात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी, ज्यांच्या बीजपेशींत मानवी पेशी मिसळण्याची शक्यता आहे अशा प्राण्यांच्या पैदाशीस मनाई केली आहे. तथापि, मार्गदर्शक तत्त्वांना संसदेच्या कायद्याचे बळ नसते, हे ध्यानात घ्यावे लागते.

आजचे संशोधन व नैतिक प्रश्न :
२०१७ मध्ये अमेरिकेतील साल्क संस्थेच्या संशोधकांनी डुकराच्या भ्रूणात मानवी मूलपेशी सोडल्या. वाढलेल्या भ्रूणात मानवी पेशींचे प्रमाण लाखात एकाहूनही कमी भरले. २०२१ मध्ये माकडाच्या १३२ भ्रूणांत मानवी पेशी सोडण्यात आल्या व त्यांपैकी तीन भ्रूण १९ दिवसांपर्यंत टिकले. प्रत्यारोपणासाठी अवयव मिळविणे हा या संशोधनाचा दूरचा हेतू आहे. अवयवाची वाट पाहत मरणाऱ्या रुग्णाचे दुःख खरे आहे. म्हणून सरसकट बंदीची मागणी पुरेशी विचारपूर्वक ठरत नाही.

परंतु मानवी पेशी मेंदूत शिरल्या आणि त्या प्राण्याची जाणीव अधिक तीव्र झाली, तर त्याच्या वेदनेची जबाबदारी कोणाची? यकृतात मानवी पेशी असणे आणि मेंदूत असणे यांत म्हणूनच नैतिक अंतर आहे. या प्राण्याला संमती देता येत नाही. अशा जीवाच्या वतीने बोलणारी यंत्रणा प्रयोगाआधी उभी राहणे अगत्याचे आहे.

समारोप :
जातीजातींतील सीमा शाश्वत आहे की नाही, याचे उत्तर जीवशास्त्र देईल. दुर्बळाच्या शरीराचा उपयोग त्याला न विचारता करावा की नाही, याचे उत्तर मात्र समाजालाच द्यावे लागते. गिनीतील त्या स्त्रियांची नावे इतिहासाने नोंदविली नाहीत. संकर-संशोधनाचा कोणताही नियम करताना त्यांचे स्मरण राहिले, तर तो नियम अधिक न्याय्य होईल.